गाल तापतात, चुरचुरतात आणि पिंपल्सच्या औषधाने बिघडतात: रोझेशियाबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा: वय ३९, डोंबिवली ते फोर्ट रोजचा लोकलचा प्रवास. दोन वर्षांपासून दुपारनंतर गाल आणि नाक तापतं, चुरचुरतं, मधूनच बारीक पुटकुळ्या येतात. पिंपल्सचं फेसवॉश आणि क्रीम लावलं तर आग वाढली. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने आठवड्यात चेहरा साफ झाला, पण ती बंद केली की त्रास दुप्पट. एका डॉक्टरांनी रोझेशिया म्हणून सांगितलं. घरचे म्हणतात, तो गोऱ्यांचा आजार, आपल्याला कुठला व्हायला. नक्की काय आहे आणि करायचं काय?

उत्तर:

रोझेशिया म्हणजे गाल-नाकाच्या त्वचेला लाली, जळजळ आणि पुटकुळ्या आणणारा दीर्घकाळचा आजार. गोऱ्या कातडीवर तो चटकन दिसतो, म्हणून पुस्तकांतले फोटोही लालबुंद गालांचेच असतात. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर ती लाली मेलॅनिनच्या, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्याच्या, आड जाते. आजार तोच, पण दिसत नाही. त्यामुळे आपल्याकडे तो नुसत्या डोळ्यांनी शोधायला गेलं की हातून निसटतो. पेशंट "चेहरा लाल होतो" म्हणून येतच नाही. "चेहऱ्यातून वाफा निघतात", "साबण लावला की मिरची लागल्यासारखं होतं", "आता कुठलंच क्रीम सहन होत नाही" अशी त्याची तक्रार असते. तुमच्या चार ओळींत हे जवळजवळ सगळं आलंय. पण आधी त्या ट्यूबचं बोलू, कारण ती चालू राहिली तर पुढचं सगळं फुकट जाईल.

ती ट्यूब

ट्यूब उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव सापडलं तर ते स्टेरॉइड. बहुतेक वेळा ते एकटं नसतं. "डाग जातात, रंग उजळतो" म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्यूबमध्ये त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं, आणि गजकर्ण-खाजेच्या ट्यूबमध्ये बुरशीचं व जंतूंचं औषध.

स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं आणि सूज दाबतं, म्हणून तीन-चार दिवसांत चेहरा नितळ दिसतो. त्याच वेळी आत कातडी पातळ होत जाते, बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे वाढतात. क्रीम थांबवलं की दाबून ठेवलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात. पेशंटला वाटतं आजार उलटला, औषध परत सुरू करायला हवं. या चक्रात वर्षानुवर्षं अडकलेले चेहरे आपल्याकडे इतके आहेत की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं वेगळं नावच दिलंय. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी लावायची स्टेरॉइड्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत. काउंटरवर प्रत्यक्षात काय चालतं ते आपण सगळे बघतोच.

तुमच्या बाबतीत तापणं-चुरचुरणं ट्यूबच्या आधीपासून होतं. म्हणजे रोझेशिया मूळचा असावा आणि स्टेरॉइडने त्यावर आणखी थर चढवला असावा. ज्यांना आधी काहीच नव्हतं आणि गोरेपणाच्या क्रीमनंतर सगळं सुरू झालं, त्यांचा चेहराही हुबेहूब असाच दिसतो. उपचारही बरेचसे सारखेच असतात.

बंद कशी करायची? दोन-तीन आठवडेच लावली असेल तर सरळ थांबवता येते. महिनोन् महिने, त्यातही क्लोबेटासॉलसारखं जोरकस काही लावलं असेल, तर डॉक्टर सहसा दोनपैकी एक वाट धरतात. पहिली, सौम्य स्टेरॉइडवर आणून एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड असं काही आठवड्यांत उतरवत नेणं. दुसरी, ट्यूब एकदम बंद करून पोटातून डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक आणि वरून पिमेक्रोलिमस किंवा टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या, सूज उतरवणाऱ्या मलमांचा आधार देणं. टॅक्रोलिमस पहिल्या आठवड्यात स्वतःच चुरचुरतं आणि काही जणांचा रोझेशिया त्यानेच चाळवतो, म्हणून ते स्वतःच्या मनाने आणून लावू नका.

थांबवल्यावर काही दिवसांतच चेहरा फुलतो, जळजळतो, पुटकुळ्यांचं पीक येतं. हा काळ काही आठवड्यांचा, जुन्या वापरात काही महिन्यांचाही असतो. आधी माहीत नसलं की माणूस घाबरून दहाव्या दिवशी पुन्हा ट्यूबकडे वळतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. या दिवसांत मऊ सुती कापड फ्रिजमधल्या पाण्यात भिजवून, पिळून, दहा मिनिटं गालांवर ठेवायचं. दिवसातून तीन-चार वेळा चालेल. बर्फ थेट चोळू नका. त्याने क्षणभर बरं वाटतं, मग रक्त दुप्पट जोराने परत येतं.

रोझेशियाच आहे ना?

सकाळी खिडकीजवळ उजेडात, ब्युटी फिल्टर बंद करून फोटो काढा. त्रास होत असताना तसाच दुसरा काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की गालांचा रंग कानामागच्या किंवा मानेच्या रंगापेक्षा किती तांबूस-तपकिरी झालाय ते कळतं. काचेचा स्वच्छ तुकडा किंवा पारदर्शक ग्लास गालावर हलकेच दाबला आणि रंग फिका पडला, तर तो रक्ताचा. तसाच राहिला तर तो डागाचा, म्हणजे बहुधा वांग. वांग जळत नाही. एक सोपी खूण आणखी: बोटांच्या मागच्या बाजूने गाल आणि मान आळीपाळीने शिवून पाहा. तापलेला गाल हाताला कळतो.

पुटकुळ्या असल्या तरी ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्स नसणं हा पिंपल्सपासूनचा मुख्य फरक. नाकाच्या बाजूच्या घडीत, भुवयांत पिवळट तेलकट पापुद्रे आणि डोक्यात कोंडा असेल तर सेबोरिक डर्मटायटिस. पावसाळ्यात मुंबईत तो जोर धरतो, आणि तो रोझेशियाबरोबर एकाच चेहऱ्यावर नांदतो हेही खरं. गालांवर-नाकावर पसरलेला लालसरपणा, पण नाकाच्या घड्या मोकळ्या, आणि सोबत सांधेदुखी, ताप, तोंडात व्रण, केस गळणं असेल तर ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजाराची, रक्ततपासणी आधी. खाजच जास्त असेल तर हेअर डाय, टिकलीचा गोंद, नवीन क्रीम यांची अॅलर्जी शोधा. चाळिशीच्या आसपास पाळी जायची वेळ जवळ आल्याच्या गरम वाफाही येतात, पण त्या छातीपासून वर चढतात, घाम फोडतात आणि रात्रीही उठवतात. रोझेशियाची लाली सहसा कोरडी असते. अॅम्लोडिपिनसारख्या ब्लडप्रेशरच्या गोळीनेही चेहरा तापतो, म्हणून चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना सांगायच्याच. तापण्याबरोबर वरचेवर जुलाब होत असतील, किंवा एकदम धडधड होऊन प्रेशर वाढत असेल, तर फिजिशियनकडून वेगळी तपासणी करून घ्या.

आपल्याकडे कुष्ठरोग डोक्यात ठेवावाच लागतो. परदेशी लेखांत त्याचा उल्लेखही नसतो. चेहऱ्यावर लालसर किंवा फिकट चट्टा आहे, तिथे चुरचुर नाही, उलट स्पर्श कमी कळतो, कानाच्या पाळ्या जाड झाल्यात, असं असेल तर ताबडतोब दाखवा. रोझेशियात कातडी अतिसंवेदनशील होते, कुष्ठरोगात बधिर होते. सावळ्या त्वचेत रोझेशियाचा एक घट्ट, पिवळट-तपकिरी गाठींचा प्रकारही दिसतो. तिथे छोटी बायोप्सी करून घेणंच शहाणपणाचं.

निदानाला सहसा कुठलीच तपासणी लागत नाही. कधी कधी काचपट्टीवर सायनोअॅक्रिलेट गोंदाचा थेंब घेऊन ती गालावर मिनिटभर दाबतात, उचलतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली डेमोडेक्स मोजतात. एका चौरस सेंटिमीटरमध्ये पाचपेक्षा जास्त सापडले तर संख्या वाढलेली समजतात. पाव-अर्धा मिलिमीटरचे हे किडे मोठ्यांच्या बहुतेक चेहऱ्यांवर असतातच, तो अस्वच्छपणा नव्हे. घासून धुतल्याने ते जात नाहीत आणि घासणं रोझेशियाला सोसत नाही.

आत काय बिघडलेलं असतं

रोझेशियात त्वचेची पहिल्या फळीची संरक्षणव्यवस्था उगाच जागी राहते. कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन जास्त तयार होतं आणि चुकीच्या तुकड्यांत कापलं जातं. ते तुकडे सूज आणतात, रक्तवाहिन्या वाढवतात. दुसरीकडे चेहऱ्याच्या मज्जातंतूंवरचे उष्णता ओळखणारे 'दरवाजे' जरा जास्तच सैल झालेले असतात. यांतला एक दरवाजा उष्णतेने उघडतो आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही. ठेचा खाल्ल्यावर आणि तव्यासमोर उभं राहिल्यावर गालांना सारखंच वाटतं ते यामुळे. वरून त्वचेचा बाहेरचा थर गळका असतो, म्हणून साधं क्रीमही झोंबतं. आईला-मावशीला असेल तर शक्यता वाढते. 'रक्तातली उष्णता' किंवा 'पोट साफ नाही' यांचा याच्याशी संबंध नाही, त्यासाठी जुलाबाची औषधं घेऊ नका.

मुंबईतले भडके

अमेरिकेच्या नॅशनल रोझेशिया सोसायटीने १,०६६ रुग्णांना भडका कशाने उडतो ते विचारलं होतं. ८१ टक्क्यांनी ऊन सांगितलं, ७९ टक्क्यांनी मानसिक ताण, ७५ टक्क्यांनी गरम हवा. तिखट ४५ टक्क्यांवर होतं. आपल्याकडे मात्र पेशंटला पहिलं वाक्य ऐकायला मिळतं ते "तिखट बंद करा". तो बिचारा वर्षभर फिकं वरण खातो, आणि दुपारी दोन वाजता छत्रीशिवाय स्टेशनवर चालत जातो.

म्हणून आधी दोन आठवड्यांची वही. वेळ, कुठे होता, काय खाल्लं-प्यायलं, ते किती गरम होतं, चेहऱ्याला काय लावलं, मनःस्थिती, आणि गाल किती तापले ते शून्य ते दहा. खाण्यापिण्याचा भडका बहुधा काही मिनिटांपासून दोन-तीन तासांत येतो, उन्हाचा संध्याकाळपर्यंतही रेंगाळतो. वहीत तीनदा सापडेल तेवढंच टाळा.

चहाचं उदाहरण घ्या. दोष बहुतेकदा चहाच्या गरमपणाचा असतो, कॅफिनचा नाही. उकळता कटिंग ओठांना लावायच्या आधी पाच-सात मिनिटं थांबलात तर चहा सोडावा लागत नाही. मिसळीचंही तेच: रस्सा वाफाळता असताना तिखट आणि उष्णता दोन्ही एकदम लागतात. कोमट करून, तर्री बाजूला ठेवून खाल्ली तर बऱ्याच जणांना चालते. गरम मसाल्यातली दालचिनी, टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं काहींना बाधतात, पण आधी वही.

स्वयंपाकघर हा आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित भडका. भाकऱ्या भाजताना वीस मिनिटं तव्याची धग थेट चेहऱ्यावर असते. एक्झॉस्ट फॅन आधीच लावा, पीठ मळणं-थापणं गॅसपासून दूरच्या ओट्यावर करा, आणि तव्यासमोर सलग उभं राहण्याऐवजी दोन भाकऱ्यांनंतर खिडकीशी या. तोंडात बर्फाचा छोटा खडा धरला तर गाल तापणं कमी होतं. आतून तोंड गार करण्याचा हा उपाय वरून बर्फ लावण्यापेक्षा बरा. कुकरचं किंवा मोदकपात्राचं झाकण उघडताना आपल्याकडची कड आधी उचलायची सवय असते. उलटं करा, भिंतीकडची कड आधी उचला, म्हणजे वाफ तुमच्या तोंडावर येणार नाही. सर्दीत वाफारा घ्यायचा मोहही टाळा.

लोकलमध्ये गर्दी तुमच्या हातात नाही. हातातला छोटा पंखा, दाराजवळची हवा, शक्य तेव्हा सावलीच्या बाजूची सीट, एवढंच करता येतं. घामाघूम होऊन थेट एसीच्या झोताखाली बसू नका. आधी घाम टिपा, पाच मिनिटं जाऊ द्या. टिपा म्हणजे टिपाच. हातरुमालाने खसाखसा पुसणं हाही भडकाच आहे. व्यायाम सोडू नका, सकाळी आठच्या आत दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत करा. शीर्षासन, सर्वांगासन यांत रक्त चेहऱ्याकडे उतरतं, ती आसनं सध्या नकोत.

दारूने भडका उडतो, विशेषतः वाइनने. पण दारूमुळे हा आजार होतो हे खोटं. नाक जाड आणि लालसर झालेल्या कित्येक पुरुषांनी आयुष्यात थेंब घेतलेला नसतो आणि 'बेवडा' हे बिरूद मात्र सोसलेलं असतं.

काय काय काढायचं

औषध चालू करण्याआधी बाथरूमच्या फळीवरच्या निम्म्या वस्तू खाली उतरवाव्या लागतात. स्क्रब, ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक अॅसिडवाले फेसवॉश, बेंझॉइल पेरॉक्साइड, टोनर, व्हिटॅमिन सी सीरम, रेटिनॉल. मेंथॉल-कापूर असलेलं काहीही: थंडावा देणारी टाल्कम पावडर, कपाळावर चोळायचा बाम. बेसन-हळद-लिंबू आणि मुलतानी माती. मातीने चेहरा ताणला जातो आणि ती वाळल्यावर खरवडून काढावी लागते. कोरफडीचं पान तोडून थेट लावलं तर सालीलगतचा पिवळा चीक झोंबतो. पार्लरमधलं ब्लीच म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया, आणि फेशियल म्हणजे मसाज अधिक वाफ. दोन्ही बंद. थ्रेडिंग चालेल, त्यानंतर लावतात ते गुलाबपाणी किंवा अॅस्ट्रिंजंट नको म्हणून सांगा. पुरुषांनी सलूनमध्ये दाढीनंतर तुरटी आणि आफ्टरशेव्ह दोन्हीला नकार द्यावा.

रोजचा क्रम

सकाळी साध्या पाण्याने चेहरा धुवा. गीझरचं पाणी चेहऱ्याला लागू देऊ नका, अंघोळीचं पाणीही कोमटच. अंगाचा नेहमीचा साबण अल्कलीचा असतो, त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात, त्वचेचा पाचच्या आसपास. त्याऐवजी सिंडेट म्हणजे साबणरहित क्लीन्झर, बोटांच्या टोकांनी तीस सेकंद, दिवसातून जास्तीत जास्त दोनदा. टॉवेलने टिपून दहा-पंधरा मिनिटं थांबा. ओल्या त्वचेवर औषध जास्त झोंबतं, पहिल्याच रात्री "मला हे सोसत नाही" म्हणून ट्यूब फेकून देणारे बहुतेक इथेच चुकतात. मग औषध, मग मॉइश्चरायझर. फारच झोंबत असेल तर पहिले दोन आठवडे क्रम उलटा करा: आधी मॉइश्चरायझर, वरून औषध.

मॉइश्चरायझर सिरॅमाइड-ग्लिसरिनचा, सुगंध नसलेला. "मुंबईत एवढा घाम येतो, मॉइश्चरायझर कशाला" असं सगळेच म्हणतात. घाम त्वचेचा गळका थर बुजवत नाही, उलट त्यातलं मीठ झोंबतं. हलकं लोशन घ्या, पण घ्या.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वर, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं. जेल चिकट होत नाही म्हणून इथे खपतं, पण पुष्कळ जेलमध्ये अल्कोहोल असतं आणि ते चुरचुरतं. झिंकने चेहरा पांढुरका दिसत असेल तर आयर्न ऑक्साइडची छटा असलेलं घ्या. ते लालसरपणा झाकतं आणि वांग असेल तर दृश्य प्रकाशापासूनही वाचवतं. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढा, चेहरा-मानेला तेवढं लागतं. बहुतेक जण याच्या चौथाईत भागवतात. घराबाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. आणि छत्री. मार्च ते मे मुंबईत दुपारी छत्रीइतकं स्वस्त आणि खात्रीचं औषध दुसरं नाही, पण ती पावसाळ्यापुरती समजली जाते.

कुठलीही नवी वस्तू आधी कानाखाली जबड्याच्या कडेला चार-पाच दिवस लावून बघा. एका वेळी एकच नवी, दोन वस्तूंत दोन आठवड्यांचं अंतर.

औषधं

पुटकुळ्यांसाठी आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीम, रात्री एकदा. कपाळ, हनुवटी, नाक आणि दोन गाल अशा पाच जागी प्रत्येकी मटाराच्या दाण्याएवढं, पातळ पसरून. फक्त पुटकुळीवर ठिपका लावायचा नाही. पहिल्या पंधरवड्यात काहींचा त्रास वाढतो, मग उतरतो. चौथ्या आठवड्यात फरक दिसू लागतो, पूर्ण निकाल १२ ते १६ आठवड्यांनी. मेट्रोनिडाझोल ०.७५ टक्के दोनदा किंवा १ टक्का एकदा, हे जुनं आणि सौम्य औषध. अॅझेलेइक अॅसिड १५ टक्के जेल किंवा २० टक्के क्रीम पहिल्या काही आठवड्यांत टोचल्यासारखं करतं, पण पुटकुळ्यांमागे राहणारे काळे डागही उजळवतं. आपल्या त्वचेला हा दुहेरी फायदा मोलाचा, म्हणून स्टेरॉइडची आग शांत झाल्यावर त्याचा विचार जरूर व्हावा. गरोदरपणातही ते चालणाऱ्यांपैकी आहे.

पुटकुळ्या जास्त असतील तर पोटातून डॉक्सिसायक्लिन, साधारण ८ ते १२ आठवडे. ४० मिलिग्रॅमचा सावकाश विरघळणारा डोस फक्त सूज उतरवतो, जंतूंना मारत नाही. तो मिळाला नाही तर ५० किंवा १०० देतात, मग मुदत नेटकी ठेवायची. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपताना घोटभर पाण्यावर घेतली तर ती अन्ननलिकेत अडकून व्रण करते. दूध, कॅल्शियम, लोह, अँटासिड यांच्यापासून दोन तास लांब. या काळात ऊन जास्त लागतं. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना देत नाहीत.

एवढ्याने न हटणाऱ्या आजारात पोटातून कमी मात्रेचं आयसोट्रेटिनॉइन, वजनाच्या किलोमागे पाव मिलिग्रॅमच्या आसपास. गर्भाला त्यापासून गंभीर धोका असतो, म्हणून औषध चालू असताना आणि नंतर महिनाभर गर्भधारणा होता कामा नये. डॉक्सिसायक्लिनबरोबर ते घेऊ नये, दोन्हींमुळे मेंदूतला दाब वाढू शकतो.

ही सगळी औषधं पुटकुळ्यांची. तापणं आणि पसरलेली लाली त्यांनी थोडीच कमी होते, इथे अपेक्षाभंग ठरलेला. ब्रिमोनिडिन जेल अर्ध्या तासात लाली उतरवतं, परिणाम जास्तीत जास्त १२ तास, पण काहींना उतरल्यावर आधीपेक्षा जास्त फुलतं. स्टेरॉइडमधून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या चेहऱ्यावर ते नकोच. ज्यांचा चेहरा वारंवार तापतो त्यांना कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल ही ब्लडप्रेशरची औषधं थोड्या मात्रेत देतात. दमा असेल तर सांगा, ही औषधं धोक्याची ठरतात.

उघड दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या क्रीमने जात नाहीत, त्यांना लेझर. सावळ्या त्वचेत मेलॅनिनच प्रकाश शोषून घेतं, म्हणून ५३२ आणि ५९५ नॅनोमीटरच्या यंत्रांनी किंवा आयपीएलने (तीव्र प्रकाशाच्या झोतांनी) भाजून काळे डाग पडण्याचा धोका असतो. लाँग पल्स्ड एनडी-याग १०६४ त्यामानाने सुरक्षित. पैसे भरण्याआधी यंत्राची तरंगलांबी विचारा, कानाजवळ चाचणीचा एक ठिपका मारून दोन आठवडे थांबायला सांगा. "पॅकेज आजच घ्या" म्हणणारं दुकान सोडून द्या. नाक जाड होत असेल तर लवकर दाखवा. सुरुवातीला आयसोट्रेटिनॉइनने आवरतं, पुढे कार्बन डायऑक्साइड लेझर किंवा शस्त्रक्रिया.

डोळे विसरू नका

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटणं, चुरचुर, पापण्यांच्या कडा लाल, वरचेवर रांजणवाडी. स्क्रीनमुळे होतं म्हणून सोडून दिलेल्या या तक्रारी पुष्कळदा रोझेशियाच्याच असतात, आणि कधी चेहऱ्याच्या आधीही येतात. स्वच्छ कापड कोमट पाण्यात भिजवून मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवायचं, फक्त पापण्यांवर, गालांवर ऊब उतरू द्यायची नाही. मग बोटाने वरची पापणी खाली आणि खालची वर अशी हलकी दाबत न्यायची, म्हणजे कडेच्या ग्रंथींतलं साकळलेलं तेल सुटतं. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात. डोळा दुखणं, उजेड न सोसणं, अंधुक दिसणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. बुबुळाला इजा होऊ शकते.

किती दिवस?

रोझेशिया मुळापासून जात नाही, ताब्यात राहतो. तीन महिने एकच औषध नीट लावूनही फरक नसेल तर ते बदलायचं, तीन आठवड्यांत नाही. आटोक्यात आल्यावर लावायचं औषध आठवड्यातून दोन-तीन रात्री चालू ठेवतात, सनस्क्रीन कायम. आणि मार्च महिना, ऑक्टोबर हीट किंवा घरातलं लग्नकार्य यांत एखादा भडका आला म्हणजे उपचार फसले असं नाही.

खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर सायन, केईएम, नायर आणि जेजे या रुग्णालयांत त्वचारोगाचा विभाग आहे. तुमच्या मार्गावर सायन सोयीचं. जाताना चेहऱ्याला काही लावू नका, दोन्ही फोटो आणि वही न्या, चालू गोळ्यांची पाकिटं न्या. आणि ती मेडिकलवाल्याची ट्यूब, रिकामी असली तरी, पिशवीत टाका. कुठलं स्टेरॉइड, किती टक्के आणि किती महिने, हे कळल्याशिवाय ते कसं उतरवायचं हे कोणालाच नीट ठरवता येत नाही.